सासूबाईंचं 'नको'

माझ्या सासूबाई बस चालवतात. खरीखुरी, लांबलचक, भर शहरातून जाणारी, चौदा नंबरची. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात मालकच आता हात जोडतात, बाई, आधी गिऱ्हाइकाचा नंबर तपासा, मग सासूचं सांगा. पण सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि का पडावं? ज्या बाईने जन्मात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, तिच्या हातात आज एवढं मोठं धूड आहे. तुमची सासू असती तर तुम्ही गप्प बसला असता का?

आम्ही या देशात आलो ते नवऱ्याच्या नोकरीपायी. तो लिफ्ट दुरुस्त करतो. सासरे गेल्यावर तिकडे आईंचं म्हणावं असं कोणी उरलं नाही, तेव्हा एकुलत्या एक मुलाबरोबर त्याही आल्या. पहिलं वर्ष त्यांनी चौथ्या मजल्याच्या खिडकीत काढलं. शेजारी भले होते, जिन्यात भेटले की हसायचे, पण हसून झालं की आपापलं दार लावून घ्यायचे. आई म्हणायच्या, अगं, ही माणसं चांगली आहेत, पण यांच्याकडे साखर संपतच नाही का कधी? पुढे खालच्या मजल्यावरच्या बाईने बसडेपोत सफाईचं काम असल्याचं सांगितलं. आम्ही नको म्हणायच्या आत आई तयार होऊन दारात उभ्या. निळी पँट, वर निळा कोट, डोक्याला रुमाल. मी तोंडात पदर कोंबून हसले असते, पण पदर दोघींनाही नव्हता.

डेपोत त्यांना जाऊबाई भेटली, आईंच्या मागून थोड्याच दिवसांनी कामाला लागलेली. तिचं खरं नाव आमच्या जिभेला झेपत नाही. देश वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळा, समोरचा एक दात सोन्याचा. पहिल्याच आठवड्यात दोघींचं लांब दांड्याच्या ब्रशवरून कडाक्याचं भांडण झालं, तेही एकमेकींची भाषा न कळता, आणि दुसऱ्या दिवशी आईंची पाठ धरली तेव्हा त्यांच्या वाटणीच्या बसमधली सगळी सीटं हिनेच न सांगता पुसून काढली. आई घरी येऊन म्हणाल्या, ही तर माझी जाऊ. तेव्हापासून ती जाऊबाई. समोरासमोरही तेच म्हणतात, आणि ती ओ देते.

डेपोच्या मागे चहाची खोली आहे. एक लांब टेबल, मोडके बाक, भिंतीला घड्याळ. तिथे बसणारी झाडून सगळी बाहेरून आलेली माणसं. कोणी रोज सगळ्यांशी हात मिळवल्याशिवाय बसत नाही, कोणी नुसता छातीला हात लावतो, कोणी दोन्ही गालांना गाल लावतो. आईंना पहिल्यांदा कोणी गाल लावला तेव्हा त्या तीन दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. पण एका बाबतीत ते सगळं टेबल एका आईच्या पोटचं. डबा उघडला की तो आधी दुसऱ्यापुढे करायचा. दुसऱ्याने नको म्हणायचं. मग पुन्हा करायचा. जाऊबाईच्या लोकांत तर तीनदा नको म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा मान फिरवून, रुसल्यासारखं. मग सावकाश घ्यायचं. आई खूश. त्यांना वाटलं, चला, सगळं जग आपल्यासारखंच आहे, नुसते कपडे वेगळे.

आता बसचं सांगते. डेपोत नियम आहे की कामगारांपैकी कोणाला बस चालवायला शिकायचं असेल तर शिकवतात, परवान्याच्या परीक्षेलाही बसवतात. जाऊबाईने शिकायचं ठरवलं आणि आईंना ओढलं. आईंनी आम्हाला सांगितलं ते असं, की ती बिचारी एकटी कशी जाईल, म्हणून जाते सोबतीला. सोबतीला! शिकवणारे निवृत्तीला आलेले ड्रायव्हर, त्यांना आई मास्तर म्हणतात. ते मला एकदा भेटले तेव्हा म्हणाले, तुमच्या सासूबाई वळणावर श्वास रोखतात आणि वळण नीट निघालं की गालातल्या गालात हसतात, अशी माणसं ही गाडी सोडत नाहीत. दोघी परीक्षा पास झाल्या. जाऊबाईने पेढ्यासारखं काहीतरी वाटलं. आईंनी परवाना कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला आणि पोछा मारायला गेल्या.

पण मी काय आंधळी आहे? दुकानात सामानाची ढकलगाडी घेऊन जायचो तेव्हा ही बाई दोन्ही खांद्यांवरून मागे बघून ती गाडी उलटी काढायची, आणि इतकी नेमकी काढायची की डब्यांच्या मनोऱ्याला धक्का लागत नसे. बसमध्ये बसल्या की ड्रायव्हरच्या मागची जागा. समोर कोणी आडवं आलं की यांचा उजवा पाय खाली दाबलेला. चौदा नंबर आमच्या घराखालून जाते, स्टेशनवरून निघून बाजारातून इस्पितळापर्यंत. ती आली की त्या हातातलं काम टाकून खिडकीशी. मी एकदा विचारलं, आई, तुम्हाला चालवायचीय ना ती? तर म्हणाल्या, छे, मला मेलीला काय करायचीय बस. आणि कान लाल.

चौदा नंबरचा ड्रायव्हर निवृत्त होणार, ही बातमी आली आणि आमच्या घरात कोणी काही बोलेना. सगळ्यांच्या मनात एकच. नवऱ्याने मला डोळ्यांनी दटावलं, विषय काढू नकोस, दृष्ट लागेल. मी तोंड आवळून बसले, जे माझ्यासारखीला किती कठीण आहे ते मलाच माहीत.

आणि मग तो मंगळवार. माझी सुटी होती. आई सकाळची पाळी करून दुपारी घरी आल्या त्या अशा, की जिना चढून आल्या की तरंगत आल्या कळेना. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "विचारलं गं मला."

"कोणी? काय?"

तर डेपोची मुख्य आहे ना, उंच, केस बारीक कापलेली, आई तिला साहेबीण म्हणतात, ती स्वतः धुलाईच्या जागेपर्यंत चालत आली होती. म्हणाली, चौदा नंबरची जागा रिकामी होतेय, तुमचं काम चांगलं, परवाना असलेल्यांत तुमची नोकरी सगळ्यांत जुनी, चालवाल का? मी टाळ्याच पिटल्या. आईंना मिठीच मारणार होते, तेवढ्यात त्या अगदी सहज म्हणाल्या, मग काय, मी नको म्हटलं.

मला वाटलं माझ्या कानात काही गेलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. नको म्हटलं, मला कशाला, दुसऱ्या कोणाला द्या. आणि वर हसून, मान खाली घालून. मुख्य काय म्हणाली? ती म्हणाली, ठीक आहे, आणि गेली.

"आई, तुम्हाला हवी होती ना?"

"हवीच आहे. पण पहिल्यांदाच हो कसं म्हणायचं? हावरट दिसतं. उद्या विचारेल ना परत."

लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही बाई म्हणाली तोंड धुवून येते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलेच, आई, ही माणसं परत विचारत नाहीत. इथे नको म्हणजे नको. तुम्ही नको म्हटलंत, ती ठीक आहे म्हणाली, संपलं. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वाईटसाईट बोलले होते.

"असं कसं परत विचारणार नाहीत?" त्या म्हणाल्या. "माणसंच आहेत ना ती?"

माझा राग तिथल्या तिथे विझला. आठ वर्षं या देशात राहिलेल्या बाईला हे ठाऊक नाही? पण कसं असणार? डबा पुढे करणारे सगळे चहाच्या खोलीतले, आमच्यासारखेच लांबून आलेले. इथल्या कोणी आठ वर्षांत तिला हे हवं का, ते हवं का, असं विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं आणि तिने आपल्या घरची रीत पाळली.

नवऱ्याला फोन केला. तो कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात होता. म्हणाला, उद्या बघू. मी म्हटलं, तू बघ उद्या, आम्ही आत्ता निघतो. आईंना चपला पुन्हा घालायला लावल्या आणि दोघी खाली पळालो. नेमकी समोर चौदा नंबरच. आई सवयीने ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसल्या, आणि आता त्यांचा चेहरा उतरला. आरशाकडे, त्या मोठ्या चाकाकडे बघत होत्या, जशी आपली वस्तू कोणी उचलून नेताना बघावी.

मी म्हटलं, रडायला वेळ नाही, तालीम करा. इथल्या भाषेत म्हणायचं, मला ही जागा हवी आहे. एवढंच. म्हणा. त्या म्हणाल्या, मला ही जागा हवी आहे, तुम्हाला योग्य वाटलं तर. मी म्हटलं, शेपूट काढा. त्या म्हणाल्या, मला ही जागा मिळाली तर बरं होईल, नाही मिळाली तरी हरकत नाही. देवा रे. बाजार आला, पूल आला, शेपूट काही तुटेना. शेजारच्या सीटवरचे आजोबा आमच्याकडे बघून बघून शेवटी स्वतःच ते वाक्य पुटपुटायला लागले. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, मी म्हटलं. तर म्हणतात कशा, आई वाढते, तू अजून लहान आहेस. आता या बाईपुढे काय डोकं फोडायचं!

डेपोत शिरलो तर धुलाईच्या जागेवर जाऊबाई बादली घेऊन उभी. आम्ही काय घोटाळा झालाय ते सांगितलं, अर्धं इथल्या भाषेत, अर्धं हातवाऱ्यांनी. तिच्या हातातला स्पंज बादलीत पडला. आई गेल्यावर मुख्य तिच्याकडेही आली होती. आणि हिनेही नको म्हटलं होतं. तिचं तर अजून दोनदा नको म्हणायचं बाकी होतं, ती आपली तेव्हापासून मुख्य परत येण्याची वाट बघत होती. मी कपाळावर हात मारून घेतला. आणि त्याच क्षणी मला कळलं, आईंनाही कळलं असणार, की हिलाही ती बस हवी आहे.

आम्ही तिघी ऑफिसात. मुख्यच्या हातात टेलिफोन होता, बाहेरून ड्रायव्हर पाठवा असं वरच्या ऑफिसला सांगायला तिने नंबर फिरवायला घेतला होता. माझी जीभ अशी काही सुटली की तिने रिसीव्हर खाली ठेवला. मी सगळी रीत सांगितली. पहिलं नको कशाचं असतं, दुसरं कशाचं, जाऊबाईकडचं तिसरं कशाचं. बाई खरंच भली होती. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, म्हणजे तुम्ही नको म्हणता तेव्हा तुम्हाला हवं असतं? मी म्हटलं, नेहमी नाही. मग मला कसं कळणार? जाऊबाई म्हणाली, परत विचारून. आणि परत नको म्हणालात तर? जाऊबाई म्हणाली, परत विचारून. मुख्य दोन्ही हातांनी डोकं धरून खुर्चीत बसली, आणि मग हसायला लागली. आम्हीही हसलो. पण हसू ओसरलं तसं तिने टेबलावर हात ठेवला आणि सांगितलं, बस एक आहे. मी माझ्या पद्धतीने एकदाच विचारते. जिला हवी तिने हात वर करायचा.

बाहेर कुठली तरी बस मागे घेताना वाजत होती. मला वाटत होतं आपणच त्यांचा हात धरून वर करावा, पण मी माझीच बोटं दाबून उभी राहिले. आईंनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणि त्यांचा उजवा हात वर जायला लागला. कोपर कुशीला चिकटलेलं, वर्गात उत्तराची खात्री नसलेल्या पोरीसारखं. कानापर्यंत आला आणि तिथे थांबला.

मग जाऊबाईचा हात वर गेला. सरळ, ताठ.

आईंनी तिच्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली बस. या बाईला मी ओळखते. पंगतीत शेवटी बसणारी, खिडकीची जागा दुसऱ्याला देणारी, हिच्या जाऊबाईने हात वर केला की हिचा खाली येणारच. पण तो खाली आला नाही. उलट कोपर कुशीपासून सुटलं, हात पूर्ण वर गेला, आणि आई इथल्या भाषेत, मोठ्याने, म्हणाल्या, "मला ही जागा हवी आहे."

शेपूट नाही. काही नाही. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

मुख्यने नियम सांगितला. दोघींना हवी तर जिची नोकरी जुनी तिला, म्हणजे आईंना. पुढची जागा निघेल ती जाऊबाईची. जाऊबाईने हात खाली घेतला, कोरड्या तोंडाने आईंचं अभिनंदन केलं आणि ती आपल्या बादलीकडे निघून गेली. मी डेपोच्या फाटकापर्यंत नाचतच आले. मागे वळून बघते तर आई रडत होत्या.

"तिचा हात मला दिसत होता गं," त्या म्हणाल्या. "तरी मी माझा खाली घेतला नाही."

मी म्हटलं, फार बरं केलंत. त्या म्हणाल्या, बरं केलं की वाईट ते मला माहीत नाही, पण घेतला नाही.

त्यानंतर जाऊबाई चहाच्या खोलीत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली. समोरासमोर आली की काम निघायचं. आई मास्तरांबरोबर चौदा नंबरचा रस्ता गिरवत होत्या, घरी येऊन हातवारे करून वळणं सांगत होत्या, आनंदाने झोप लागत नव्हती त्यांना, आणि मधेच बोलता बोलता गप्प व्हायच्या. मी म्हटलं, मी जाऊन बोलू का तिच्याशी? तर म्हणाल्या, हे जावाजावांचं आहे, तू पडू नकोस.

पहिला दिवस उजाडला. नवऱ्याने रजा घेतली होती. आम्ही दोघं स्टेशनच्या थांब्यावर बस लागायच्या कितीतरी आधी जाऊन उभे, आणि माझ्या चष्म्याच्या दुकानाचे मालकही, कारण त्यांना म्हणे एकदाचं बघायचंच होतं. बस आली. वर काचेमागे आई. केस चापूनचोपून बांधलेले, नवा कोट, दोन्ही हात चाकावर, मागे मास्तर नुसते हाताची घडी घालून बसलेले. दार उघडलं. मी चढताना म्हटलं, आई. त्या म्हणाल्या, मागे सरक, दारात उभं राहायचं नाही. नवऱ्याने फोटो काढायला हात वर केला, तर त्यालाही बसवलं.

आणि बस निघाली. काय सांगू तुम्हाला! तो चौकातला मोठा वळसा, जिथे भलेभले ड्रायव्हर फुटपाथ घासतात, तिथे मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो आणि मास्तर गालातल्या गालात हसत होते. मालकांनी माझ्या हाताला हात लावून डोळे मोठे केले. मी त्यांना म्हटलं, सांगत नव्हते मी?

बाजाराच्या थांब्यावर जाऊबाई उभी होती. दोन्ही हातांत पिशव्या. तिची त्या दिवशी सुटी असावी. बस बघून ती एक पाऊल पुढे आली, मग काचेमागे कोण आहे ते तिला दिसलं आणि ती थबकली. बाकीची माणसं चढली. दार उघडंच राहिलं.

आईंनी बाहेर वाकून तिला चल म्हटलं. ती म्हणाली, नको, मी पुढच्या बसने येईन.

मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. ते इथलेच होते, नीट बोलणारे, सभ्य. मला म्हणाले, त्या बाई नको म्हणाल्या ना, मग आपण थांबलोय कशाला?

मी म्हटलं, त्यांना अजून दोनदा विचारायचंय.

आईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. पिशव्या जड आहेत, चल. जाऊबाई म्हणाली, नको, मला चालायची सवय आहे. आता सगळी बस बघत होती. मास्तरांनीही हाताची घडी सोडली. आईंचे हात चाकावर होते, त्यातला एक त्यांनी काढला आणि दाराकडे धरला. ये गं, त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, मराठीतच, जाऊबाई, ये. तिने नको म्हटलं आणि मान फिरवली, रुसल्यासारखी.

मग सावकाश चढली. पिशव्या खाली ठेवल्या, ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर मास्तरांशेजारी बसली, आणि बसल्या बसल्या आईंना सांगितलं की डावीकडचा आरसा कोणी तरी घाणेरडा पुसलाय. आईंनी मान डोलावली, दार लावलं आणि बस काढली.